पहिला हात मऊ

मगदूम अण्णांची काळी गाडी आली
तेव्हा उद्यमनगरात लाइट नव्हती.
बरं झालं. उजेड नसला की माणूस गाडीबद्दल बोलतो,
उजेड आला की गाडीच बोलते.

"आरसा पाहिजे," अण्णा म्हणाले,
"रविवारी सांगलीचं गिऱ्हाईक येतंय.
बॉनेटमध्ये त्याला त्याच्याच मिशा दिसल्या पाहिजेत."
शाहूपुरीतले गुळाचे अडते.
ढेपेचा रंग बघून भाव सांगणारे.

लाइट आली. टॉर्च तिरका धरला.
डाव्या अंगाला पाचटाची सही:
गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांना घासून गेलेली वर्षं,
एकाच दिशेनं लिहिलेली.
टपावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग.
आणि सगळ्यावर कोळ्याचं जाळं,
रोज सकाळी, प्रेमानं,
कोरड्या फडक्यानं विणलेलं.

भिंतीवर पॅड टांगलेत.
लोकरीचं, दिसायला मेंढरू, चावायला लांडगा.
नारिंगी फोम, राबणारा.
पांढरा, मधल्या भावासारखा, कुणाच्या लक्षात न राहणारा.
काळा, गालाला लावावा असा;
तो कापत नाही, समजूत घालतो.
खाली बाटल्या. पहिलीतलं बोटांत चोळलं की रवा,
दुसरीतलं पिठीसाखर,
तिसरीतलं बोटांना कळतच नाही.

दस्तगीर मामा सांगायचे,
"पोरी, पहिला हात मऊ.
कडक काय, कधी पण होता येतंय."

म्हणून दारावर वीतभर जागा टेपनं आखली.
काळ्या पॅडनं विचारलं. रेघा हलल्या नाहीत.
पांढऱ्यानं विचारलं. निम्म्या उठून गेल्या.
मग नारिंगी, त्यावर दुसऱ्या बाटलीतले
वाटाण्याएवढे चार ठिपके,
मशीन सावकाश, मनगटाचं वजन,
शेवटच्या फेरीत तेही काढून घेतलेलं.
पुसलं.
वीतभर काळोख,
आणि त्यात ट्यूबलाइट सरळ उभी.

दोन दिवस अशी वीत वीत पुढे सरकले.
बॉनेटवर मीटर टेकवला: एकशे दहा. एकशे सात.
कडेला एकदम बहात्तर.
इथं आधी कुणीतरी लोकर फिरवून गेलंय, घाईत.
आणि नेमकी तिथंच, नखाला लागेल अशी,
उसाची एक रेघ.

हुपरीत आमच्या घरात बफची मोटर होती.
बाबा पैंजण धरायचे, नखांत चांदी बसायची.
संध्याकाळी दार लावून झाडलोट,
धूळ पुडीत,
आणि महिन्याला झारेकरी यायचा, ती तोलून न्यायचा.
घासलेल्याचाही हिशोब असायचा.
इथं घासलेलं पॅडमध्ये बसतं,
रात्री बादलीत दुधाळ होऊन गटाराला जातं.
याला झारेकरी नाही.

"अण्णा, ही एक राहू दे."
"दिसंल की त्याला."
"दिसू दे. ही काढली तर खालचं दिसंल."

अण्णांनी अंगठा रेघेवर ठेवला,
ढेप दाबून बघावी तसा.
"पावडर मारलेला गूळ पिवळाधमक होतो," म्हणाले,
"भावही चढा मिळतो.
घरी खायला मी काळाच नेतो."
मग जरा थांबून,
"तेवढे दोनशे कमी घे."
मी शंभर कमी केले.

शेवटचा हात काळ्या फोमचा, तिसऱ्या बाटलीचा.
पॅड धुतले, पिळले,
दोरीवर उलटे टांगले.

रविवारी काय झालं, विचारलं नाही.
गुरुवारी दसरा चौकात
सिग्नलला ती गाडी शेजारी येऊन थांबली.
काचेवर सगळं आभाळ,
आत कोण होतं ते कळलं नाही.
रेघ दिसली.