सव्वाचार फूट

पहाटे पाचला गोरेवाड्यामागच्या मैदानात
ऊन अजून उठलेलं नसतं.
कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवातून उरलेल्या चार बल्ल्या
लहानुजी मातीवर मांडतो,
चालीला पावणेतीन फूट,
दुडकीला सव्वाचार.
टेप त्याच्या तळव्यात आहे.
चपला काढून ठेवल्याशिवाय त्याला मोजता येत नाही.

झिपरी बघत उभी.
अडीच वर्षांची.
या महिन्यात तिचा पुठ्ठा खांद्यापेक्षा दोन बोटं वर गेलाय,
त्यामुळे सपाटीवर उभी असली
तरी उतारावर थांबल्यासारखी दिसते.
मागच्या हप्त्यात येत होतं ते
या हप्त्यात येत नाही.
पुढचे दोन पाय आपले, हे तिला कळलंय.
मागचे दोन कुणाचे
यावर तिचा विचार चाललाय.

पहिल्या बल्लीला टक्.
दुसरी निभावते.
तिसरीला टक् टक्,
आणि चौथी ती सरळ उडी मारून टाळते,
शाळेत मी सतराचा पाढा टाळायचे तशी.

मी दोरी ओढते.
"ओढू नको व माय," लहानुजी म्हणतो,
"ते पाय मोजून नाही राहिली,
जागा शोधून राहिली.
शोधू दे."

मग लांब दोरीवर गोल.
डावीकडून फिरताना
तिची पाठ विळ्यासारखी वळते, कान सैल, नाकातून फुरफुर.
उजवीकडून मात्र सळई.
मान बाहेर, खांदा आत,
आणि मातीत गोलाऐवजी अंडं उमटतं.
रोज अंडं.
आठ दिवस मी त्या उजव्या बाजूला बोल लावत होते.
खूर उचलून पाहिले, गुडघे चाचपले,
जनावरांच्या डॉक्टरला काटोल रोडवरून बोलावलं,
त्यांनी चहा घेतला, काही नाही म्हणाले.

नवव्या दिवशी लहानुजी
अंड्याच्या मधोमध येऊन उकिडवा बसला.
घोडीकडे त्यानं पाहिलंच नाही.
माझ्या पावलांचे ठसे पाहत होता.
डावे खोल, उजवे पुसट,
आणि दर फेरीला एक एक पाऊल
बाहेर सरकलेलं.
"अंडं तिनं नाही काढलं," तो म्हणाला,
"कंपासच हालून राहिला."

काय सांगणार होते मी त्याला?
नऊ वर्षांची असल्यापासून बारापर्यंत
पंकू माझ्या डाव्या कडेवर होता.
नळावर, रांगेत, शाळेच्या कुंपणाशी.
आता त्याला मिशा आहेत, वाडीच्या गोदामात हिशेब लिहितो,
मला आल्या-गेल्याला हसून हात करतो.
कंबर मात्र अजून त्याला घेऊन उभी आहे.

मी टाच मातीत रुतवली. उजवी.
ती नको म्हणत होती.
दोरी कोपराशी, नजर तिच्या कुल्ल्यावर,
आणि फिरायचं फक्त जागच्या जागी.
पहिल्या फेरीला मलाच चक्कर.
तिसऱ्या फेरीला झिपरीचा आतला कान माझ्याकडे वळला.
पाचव्याला आतला मागचा पाय
पोटाखाली खोल आला, तिथे थोडा थांबला,
जणू अंधारात पायरी सापडली.
गोल झाला असं नाही.
अंडं होतंच, जरा कमी निमुळतं.

उत्तरेला कोराडीच्या धुरांड्यांवर उजेड चढत होता.
सातच्या आत आटपायला हवं,
मे महिन्याचा इथं कुणाला भरवसा नाही.
"एक डाव दुडकीत," लहानुजी म्हणाला,
"अन् मग बस. येतंय तवाच थांबावं."

तिनं मान खाली घेतली,
बल्ल्या वाचाव्यात तशी.
एक.
दोन.
मी टक् ऐकायला श्वास धरून,
तीन,
चार,
आणि मैदानात फक्त तिचं फुरफुरणं,
लांब कुठेतरी कुणाचा तरी पंप.

दोरी सोडली. बादलीकडे निघालो.
सपाट, मोकळ्या जमिनीवर
झिपरी लहानुजीच्या चपलेला अडखळली,
नाकावर आपटता आपटता सावरली,
आणि आमच्याकडे असं पाहिलं
की चप्पल आम्हीच हलवली असावी.

मी ती उचलायला वाकले.
"राहू दे तिथंच," लहानुजी म्हणाला,
"उद्याची पाचवी बल्ली हाय ते."
आणि अनवाणी पुढे गेला, पाणी काढायला.