विशेषणं

वाटाघाटी पेकिंगला, बंद दाराआड.
आमच्या वाट्याला रात्री उशिरा एक ओळ यायची,
टेलेक्सच्या कागदावर:
'चर्चा उपयुक्त आणि विधायक झाली.'
बस.

हाँगकाँगात, वानचाईच्या एका छापखान्यात, मी तेव्हा
वापरलेले खिळे आपापल्या घरात परत टाकणारा पोऱ्या.
जुळारी फोक सिऊ-हिन.
त्यांनी ती ओळ मोडलीच नाही,
सुतळीनं बांधून चहाच्या डब्यामागे ठेवून दिली.
म्हणाले, 'मोठ्या लोकांचं बोलणं आहे.
पुन्हा लागेल.'

पुन्हा लागली. पण 'विधायक' नव्हतं.
फोकनी चिमट्यानं तो शब्द उचलला,
दाढेत अडकलेलं काही काढावं तसा.
पुढच्या खेपेला 'उपयुक्त'ही गेलं.
उरलं: 'चर्चा झाली.'

ओळ ढिली राहिली तर खिळे सांडतात,
म्हणून रिकाम्या जागी त्यांनी
शिशाचे कोरे तुकडे ठोकले.
खिळ्यांहून बुटके. शाई त्यांना शिवत नाही.
ओळ उभी राहते ती त्यांच्याच खांद्यावर.
मी काही बोललो नाही. तेही.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी डॉलर कोसळला.
फोकबाई चार तास रांगेत उभ्या राहिल्या,
तांदळाचं पोतं आणलं, खारी मासळी आणली,
आणि का कोण जाणे, बावीस मेणबत्त्या.
'वीज कोणी नेतंय का?' फोकनी विचारलं.
'विचारा ना तुमच्या टेलेक्सला,' त्या म्हणाल्या.

त्या वर्षी आमच्याकडे नऊ आणि सात झिजले.
अग्रलेखाला तेच, व्हिसाच्या जाहिरातीला तेच,
पंधरा वर्षांच्या घरकर्जालाही
हप्त्याच्या तळाशी तेच दोन आकडे.
ओतशाळेतून नवे आले तेव्हा
जुने किलोवर गेले. भाव बरा मिळाला.

पुढच्या हिवाळ्यात करार झाला.
मजकूर इतका लांब, की तीन रात्री
आम्ही दोघं खुराड्यात बसल्यासारखे बसलो.
विशेषणं पुष्कळ होती.

चहाच्या डब्यामागची सुतळी शेवटी मीच सोडली.
'चर्चे'ची दोन अक्षरं त्यांच्या घरात,
'झाली' तिच्या घरात.
कोरे तुकडे एका पत्र्याच्या डब्यात ओतले.
ते मोजून ठेवायची
आमच्याकडे पद्धत नव्हती.