कापलेला भाग काढून टाका

हिर्लेकरबाईंचा अहवाल सेहेचाळीस एमबीचा,
पोर्टल घेतं दोनच.
माझगावात, कोर्टासमोरच्या माझ्या टेबलाशी
पर्स मांडीवर धरून त्या म्हणाल्या,
"मजकूर कमी करू का?"

मजकुराला वजन नसतं, बाई.
तुमची बावीस पानं
एका फोटोच्या कोपऱ्यात मावतील.
जड आहेत त्या भिंती.

मी क्लिक करतो: चित्रे संक्षिप्त करा.
यंत्र आठ बाय आठचे चौकोन पाडतं,
एकेका ठिपक्याला विचारतं,
शेजाऱ्याहून फार वेगळा आहेस का?
नसशील, तर त्याच्यासारखाच राहा.
आभाळ लगेच कबूल होतं.
डिस्टेंपरही.

चौथ्या मजल्याच्या तुळईतली भेग
केसाएवढी.
तिलाही विचारलं असणार.
पडद्यावर आता तुळई धडधाकट.

कंट्रोल झेड.

खाली एक चौकट असते, टिचकी मारायची:
कापलेला भाग काढून टाका.
मी आधी फोटो ताणून पाहिला.
कडेबाहेर एक हात निघाला,
भेगेशी रुपयाचं नाणं धरलेला, मापासाठी.
कुणीतरी कापला होता,
फाईल तरी वाहत होती, न दाखवता.

"ह्यांचा," बाई म्हणाल्या.
पर्सची चेन उघडली, परत लावली.
"मार्चमध्ये धरला होता."

तो एक फोटो तसाच ठेवला, हातासकट.
समितीचे, इंजिनियरबरोबर हसतानाचे
अकरा फोटो उडवले.
सेक्रेटरी चिडतील, मी म्हणालो.

"किती झाली?"
एक पॉइंट नऊ.
"मग चिडू दे."