तारखांची फडकी

फिरके वहिनी रोज एक पांढरं फडकं
टाकीच्या शिडीला बांधायच्या.
दिवेलागणीला सोडलं की गल्लीतली कुणीतरी
कोपऱ्यात तारीख घालायची, निळ्या दोऱ्यानं.

सुभान तडवी हसला:
राख भाकरीबरोबर खातो आपण,
तिचा पुरावा कशाला?
पण भुसावळला त्याच्याच टेम्पोतून गेली
एकशे बारा फडकी.

साहेबांनी एक झटकलं.
खोकत उठून खिडकी उघडली.

आता राखेच्या डंपरवर ताडपत्री असते,
रस्त्यावर पाणी मारतात, आठवण केली तर.
केळीच्या पानावरून फिरवलेलं बोट
दुपारपर्यंत तरी बोटासारखं दिसतं.

कालचं फडकं जरा उजळ वाटलं.
वारा तापीकडचा होता म्हणून,
की आपल्यामुळं?
वहिनी बोलल्या नाहीत.
सुईत दोरा ओवत राहिल्या.