पाव सूत

लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजारात
बिनकिल्लीची कुलपं आणि मुके रेडिओ यांच्या मधे
गोणपाटावर मांडलेलं असतं महायुद्ध.
मन्सूर बागवान म्हणतो, "असली हाय मास्तर, बर्म्याचा माल."
मी आधी वास घेतो.

चिंच. चहाचा चोथा. कधी नवसागर.
ऐंशी वर्षांचं पितळ इतकं आंबट नसतं.
थुंकी लावून अंगठा फिरवला
की काळ बोटावर उतरतो, हिरवा, ओला.

मग भिंग.
राजाचा मुकुट माथ्याला फुगीर,
राणीचा मधोमध खचलेला.
बिल्ल्यावर सन चव्वेचाळीस आणि मुकुट राणीचा?
पोरगी अजून गादीवर बसायची होती, मन्सूर.
तो हसतो, दुसरा काढतो:
बेचाळीसच्या चळवळीचा, तिरंगी,
मधोमध अशोकचक्र.
"चरखा कुठं गेला रे?"
"सूत संपलं असंल."

खोटं बहुतेक वेळा जड असतं.
लढाईत पितळ तोफांना लागायचं,
बिल्ल्यांच्या वाट्याला पत्रा, पुढं पुढं नुसतं प्लास्टिक.
खरा बिल्ला तळहातावर दरिद्री वाटतो.
आणि नक्कल असते पाव सूत लहान.
खऱ्यावरून साचा घ्या, धातू ओता,
थंड होताना तो आक्रसणारच.
हे पुस्तकातलं नाही.
उद्यमनगरात एकतीस वर्षं ओतकाम केलंय.

गेल्या मंगळवारी वळिवड्याहून आक्काताई सरनोबत आल्या.
सुपारीच्या डबीत, कापसात, पलटणीचा बिल्ला.
"इकायचा न्हाई. खरा हाय काय, तेवढं सांगा.
वडील इटलीत हुते."

भिंगाची गरज पडली नाही.
कडेनं साच्याची शिवण,
बिगुलाच्या तोंडात सुईच्या अग्राएवढं भोक,
मागं कडीजवळ कानशीचे तीन तिरके ओरखडे.

तीनच. चौथा मारलास तर हात मोडीन, म्हणायचे भरमा मिस्त्री.
सन अठ्ठ्याहत्तर. मी उमेदवार.
काखेत छत्री धरून एक माणूस आला होता,
सोबत्याचा बिल्ला तासाभराच्या बोलीवर आणलेला.
"माझा पुरात गेला."
कुठल्या पुरात, ते मिस्त्रींनी विचारलं नाही.
अकरा रुपये. कानस माझी.

झीज बघायची खोड जात नाही.
समोरची बाजू घासून गुळगुळीत, घामानं काळवंडलेली,
मागची मात्र ओरखड्यांसकट कालच्यासारखी.
म्हणजे कोटाच्या आतून लावायचे,
अस्तराला,
तोंड छातीकडे.
"भाईर कधी दिसला न्हाई," बाई म्हणाल्या,
"इचारलं तर म्हणायचे, आत बरा हाय."

वजन करतो सांगून मी आतल्या खोलीत गेलो.
तराजू काढला नाही.
वहीत दोनशे चौदा नकला आहेत,
पुढच्या रकान्यात कारण: वास, मुकुट, चक्र, भार.
दोनशे पंधरा एवढाच आकडा घातला
आणि पेन तसंच धरून बाहेर आलो.

"नक्कल आहे, आक्काताई. मीच केलेली."

त्यांनी बिल्ला माझ्या हातातून घेतला,
कडेवरून नख फिरवलं, एक पुरा फेरा.
"कडा तेवढी ब्येस घासलीसा," म्हणाल्या.
"कधी टोचला न्हाई त्यास्नी."

डबीचं झाकण सैल होतं.
दोनदा दाबून बघितलं, आणि गेल्या.