मातीचा वाटा

मिसेस स्ट्रोप्को घड्याळावर विश्वास ठेवत नसत.
ओहायोतल्या पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
त्यांनी कामगारांच्या हजेरीची घड्याळं सांभाळली,
तेव्हा वेळ काय चीज आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"सहा फर्लांग. एक मिनिट, अकरा सेकंद, तीन पंचमांश.
बरं. यात घोड्याचं किती
आणि मातीचं किती?"

शनिवारी रात्री, उकडलेल्या कोबीच्या वासात,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या
बेलफील्डची धावपट्टी वजा करायला बसत.
एका रकान्यात त्या दर्जाच्या घोड्यांना लागायला हवा तो वेळ,
दुसऱ्यात प्रत्यक्ष लागलेला.
नऊ शर्यतींचे फरक, बेरीज, भागाकार,
आणि येईल तो मातीचा वाटा:
कालचा पाऊस, सकाळी फिरवलेला दाताळा,
रोलर चालवणाऱ्याचा मूड.
तो काढून टाकला की उरतो घोडा.
साठ. त्रेचाळीस. सदतीस.

हा कागद पेट्रोल पंपावर चार डॉलरला मिळे.
वरातीमागून घोडं, खरं आहे,
पण पुढच्या वरातीसाठी माणसं रांग लावत.

मी चौदा वर्षांचा. माझ्याकडे वारा.
शेवटच्या खांबाजवळचा झेंडा बघायचा,
दिशा आणि जोर वहीत लिहायचा,
शर्यतीमागे पंचवीस सेंट.

ऑक्टोबरातली पाचवी शर्यत.
टिन रूफ. तांबूस, खच्ची, नऊ वर्षांचा,
डाव्या गुडघ्याला कायमची सूज,
चार हजारांच्या पाटीखाली उभा, आणि घेणारा कुणी नाही.
त्याचे आकडे: बावन्न, पंचावन्न, एकोणपन्नास.

त्या रात्री त्यांचा आला एक्क्याऐंशी.

त्यांनी खोडलं. पुन्हा मांडलं.
पुन्हा एक्क्याऐंशी.
चष्मा काढून पदराला नव्हे, टेबलक्लॉथला पुसला.
"वारा कसा होता? खरं सांग."
"नव्हताच," मी म्हणालो. "झेंडा लोंबत होता."

मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत.
रेफ्रिजरेटर थरथरून थांबला.
एक तर सव्वा मिनिटापुरती माती बदलली होती
नाहीतर घोडा.

शेवटी त्यांनी मागून आलेल्यांना बोलावलं.
दुसरा, नऊ लांबी मागे: सत्तावन्न.
तो महिनाभर सत्तावन्नच धावत होता.
तिसरा चोपन्न, नेहमीसारखा.
चौथा, ज्याला आम्ही दोघं गाढव म्हणायचो,
एकावन्न, अगदी त्याचाच.
माती वेगवान झाली असती, वारा पाठीशी असता,
तर तो या सगळ्यांनाही मिळाला असता.
हरलेले सगळे आपापल्या जागी होते.
साक्ष त्यांचीच.

एक्क्याऐंशी छापलं.

तीन आठवड्यांनी तो पन्नास धावला.
फोनवर फोन. कुणाचा पगार गेला होता,
कुणी त्यांच्या डोक्याबद्दल शंका काढली.
"मी झालेलं सांगते," त्या म्हणत.
"होणारं सांगणारी बाई पुलापलीकडे बसते,
दहा डॉलर घेते."
आणि फोन ठेवून कोबी ढवळत.

टिन रूफचा साईस होता एलिसेओ. त्याला मी विचारलं,
त्या सकाळी काय खायला घातलं होतंस?
ओट. रोजचेच. त्यातलेही त्याने अर्धे टाकले.

टिन रूफ पुन्हा साठाच्या वर कधी गेला नाही.

वह्या आता माझ्याकडे आहेत.
खरं सांगायचं तर त्या शर्यतीत मी झेंड्याकडे पाहिलंच नव्हतं.
वळणावर तो एकटा सुटला तेव्हा
मी कठड्यावर चढून ओरडत होतो,
काय ओरडत होतो आठवत नाही.
वाऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर: "नाही."

त्याखाली त्यांची पेन्सिल, बारीक,
इतकी बारीक की यंदा भिंगाखाली दिसली:
"मुलगा घोड्याकडे पाहत होता."