येते

चिवडा हे नाव रंगावरून.
पिवळट अंग, मध्ये काळे-तांबडे दाणे,
एका कानावर खोबऱ्याचा काप.
नाशिकरोड स्टेशनच्या पार्किंगमध्ये सापडला,
खांबाला बांधलेला, नायलॉनच्या दोरीनं.
पार्किंगवाला म्हणाला, परवा एक जण
"आलोच" म्हणून गेलाय.

तेव्हा ते मी नुसतं ऐकलं.
पुढे पाथर्डी फाट्याच्या घरात मला दिसायचं ते एवढंच:
दाराची खालची फळी सोललेली,
उशीचा कापूस थेट शेगडीपर्यंत,
त्याच्या नखांना रक्त,
आणि खालच्या पगारबाईंची चिठ्ठी,
"तुमचा कुत्रा साडेसहापासून रडतो. आमच्याकडे बारावी आहे."

मी रागावले. पेपरची सुरळी दाखवली.
तो कान पाडून माझ्या पायाशी बसला
आणि मला वाटलं, चूक कळली.
डॉक्टर सोनगिरे म्हणाल्या, चूक कसली,
त्याला धडकी भरते.
तुम्ही किल्ली उचलता ना, तिथूनच.

मग किल्ली उचलायची आणि मेथी निवडत बसायचं.
डबा पिशवीत भरायचा, परत काढायचा.
एका रविवारी ओढणी, सँडल, सगळं चढवून
मी दुपारभर टीव्ही पाहिला.
हेल्मेटसकट.
चिवडा आधी थरथरला, मग वैतागला, मग झोपला.

मग दार.
बाहेर जाऊन दहा मोजायचे, आत यायचं.
वीस.
परत पंधरा, कारण विसाला त्याला धाप लागली होती.
रडायच्या आधी परत या, डॉक्टर म्हणालेल्या,
रडल्यावर नाही.
हे मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

वरचे खैरनारकाका दळण घेऊन चढत आले.
"घरातून काढलं का काय?"
नाही, म्हटलं, शिकवणी चालू आहे.
"कुणाची?"
मी विचार करेपर्यंत चाळीस झाले.

त्या पायरीवर मी पहिल्यांदा ऐकलं
मी नसलेलं माझं घर.
नखांची टिकटिक दारापाशी, खिडकीपाशी, पुन्हा दारापाशी.
फ्रिजचा सुस्कारा.
आणि मग एक लांब शांतता,
फरशीला कान लावलेली.

अवघड होतं ते निरोपाचं.
दारात बोलू नका, कुरवाळू नका,
पाणी प्यायला उठावं तसं उठून जा.
पण आमच्या सटाण्याकडे मुक्यानं कुणी निघत नाही.
त्यातून 'जाते' तर म्हणायचंच नाही,
आई जीभ चावायला लावायची.
येते म्हण.
बाबाही 'येतो' म्हणाले होते,
सिव्हिलच्या रिक्षात बसताना.

ज्यानं दोरी बांधली तोही म्हणाला असणार.
चिवड्यानं तो शब्द नीट ऐकला होता.
दोन दिवस धरून ठेवला होता,
दोरीला हिसकासुद्धा न देता.

आता मी काही न बोलता निघते.
रबरी नळीत उकडलेलं रताळं कोंबून ठेवते,
घामेजला कुर्ता त्याच्या गादीवर.
अंबडला शिफ्ट असते तेव्हा
पगारबाईंचा ओजस फिजिक्स घेऊन आमच्याकडे बसतो.
त्याचं म्हणणं, आईपेक्षा चिवडा कमी बोलतो.

अडतीस मिनिटांपर्यंत पोचलो होतो.
लक्ष्मीपूजनाला समोरच्या बंगल्यात माळ लागली
आणि ती सगळी मिनिटं जळाली.
तो मोरीत, बादलीमागे, पहाटेपर्यंत.
मी मोरीच्या उंबऱ्यावर.

पुन्हा दहापासून.
जिन्यात थंडी आहे, पायरी बर्फासारखी लागते.
आतून टिकटिक. एक गिरकी. दुसरी.
अंग टाकल्याचा धप्प आवाज.
एकोणीस.
खैरनारकाका खालून विचारतात, "आज कुठवर?"
मी ओठांवर बोट ठेवते.
वीस.